घोरणे मोजायचे कसे? मोबाइलची नोंद, घरची झोप-चाचणी आणि रुग्णालयातील रात्र

घोरणारा माणूस स्वतःचे घोरणे ऐकत नाही, आणि जो ऐकतो त्याच्या सांगण्यावर घोरणाऱ्याचा विश्वास बसत नाही. त्यामुळे बहुतेक घरांत हा विषय वर्षानुवर्षे थट्टेत नाहीतर भांडणात निघून जातो. मोबाइलवर रात्रभर आवाज टिपण्याची सोय झाल्यापासून निदान पुरावा तरी हाती येऊ लागला आहे. परंतु तो पुरावा नेमका कशाचा, हे न ठरवता मोजमाप सुरू केले, तर एकतर उगाच घाबरगुंडी उडते किंवा उगाच निश्चिंत व्हायला होते. घरी काय मोजता येते, कसे मोजावे, रुग्णालयात त्याहून वेगळे काय मोजले जाते आणि कोणत्या टप्प्यावर घरचे प्रयोग थांबवून स्लीप लॅबची, म्हणजे रुग्णालयातील झोप-चाचणी कक्षाची, वेळ घ्यावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

आधी प्रश्न ठरवावा

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचे मूळ आणि घशाच्या भिंती यांच्यामधली वाट अरुंद होते, आणि तिच्यातून हवा जोराने जाऊ लागली की हे भाग थरथरतात. ही थरथर म्हणजेच घोरण्याचा आवाज. वाट आणखी अरुंद होत होत पूर्ण मिटली, तर हवा जातच नाही, थरथर थांबते आणि आवाजही थांबतो. म्हणजे श्वास सर्वाधिक अडलेला असतो तो क्षण बहुधा शांत असतो. केवळ डेसिबल मोजणारे साधन त्या क्षणी ‘खोलीत शांतता आहे’ असे दाखवील, आणि ते आपल्या परीने बरोबरच असेल.

म्हणून प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला, आवाज किती होतो, केव्हा होतो आणि कशाने कमी-जास्त होतो. याचे उत्तर घरी बऱ्यापैकी चांगले मिळते. माझ्या मते रुग्णालयापेक्षाही चांगले मिळते, कारण घरी एक नव्हे, अनेक रात्री हाताशी असतात. दुसरा, झोपेत श्वास अडतो का, किती वेळा अडतो आणि त्याने रक्तातील प्राणवायू किती खाली जातो. झोपेतील या श्वासरोधाला वैद्यकीय भाषेत ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोबाइल देऊ शकत नाही. तो फक्त शंका उत्पन्न करू शकतो.

पायरी १ : फोन कुठे आणि कसा ठेवावा

सर्वप्रथम परवानगी. झोपलेल्या माणसाचा आवाज त्याच्या नकळत टिपणे योग्य नाही, आणि तो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणे तर त्याहून नाही. आदल्या संध्याकाळी सांगून, संमती घेऊन मगच नोंद करावी. पुढे रुग्णालयात जायची वेळ आली तर हाच माणूस सोबत यायला हवा, हा व्यवहारही त्यात आहे.

फोन डोक्यापासून सुमारे एक मीटर अंतरावर, उशीच्या उंचीला, स्टुलावर किंवा खुर्चीवर ठेवावा आणि मायक्रोफोनचे तोंड झोपणाऱ्याकडे करावे. गादीवर किंवा उशीखाली ठेवू नये. तिथे कूस बदलण्याचे धक्के घोरण्यापेक्षा मोठे उमटतात आणि चार्जिंगला लावलेला फोन पांघरुणात तापतो. जागा एकदा ठरली की खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करून दररोज तिथेच ठेवावा. याचे कारण साधे आहे : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घटते. बंद खोलीत भिंतींमुळे ही घट थोडी कमी असते, पण काल अर्ध्या मीटरवर आणि आज दीड मीटरवर फोन ठेवला, तर आज घोरणे कमी झाल्याचा भास होणारच.

फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘शांतता वगळा’ किंवा ‘आवाज स्वच्छ करा’ अशा अर्थाचे जे पर्याय असतील ते बंद करावेत. हे विसरले तर सारी रात्र वाया जाते, कारण दोन घोरण्यांमधली शांतताच आपल्याला हवी असते आणि अ‍ॅप नेमकी तीच कापून टाकते. जागेची चिंता फार नसते : ६४ केबीपीएस दर्जाची आठ तासांची फाइल साधारण २३० एमबी होते. न दाबलेल्या वेव्ह प्रकारात हीच फाइल अडीच जीबीच्या घरात जाते आणि या कामासाठी तिची गरज नसते.

झोपण्यापूर्वी, खोलीत कोणी बोलत नसताना, पंखा नेहमीच्या वेगावर ठेवून दोन मिनिटांची नोंद वेगळी करावी. ही आपली पायाची पातळी. छतावरचा पंखा, कूलर, पावसाळ्यात पत्र्यावर पडणारा पाऊस, गल्लीतील कुत्री आणि पहाटेचे भोंगे यांच्यामुळे आपल्याकडच्या शयनगृहात खरी शांतता क्वचितच असते. भारतातील ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. कूलर चालू असेल तर ती घरातल्या घरातच ओलांडली जाऊ शकते. घोरणे या पायाच्या पातळीपेक्षा स्पष्टपणे वर आले तरच त्याची नोंद अर्थपूर्ण ठरते, हलके घोरणे पंख्याखाली बुडून जाते. एकाच खोलीत दोघे-तिघे झोपत असतील तर कोण घोरते आहे हे फोनला कळत नाही. निदान काही रात्री वेगळ्या खोलीत नोंद करावी.

आता डेसिबलच्या आकड्याविषयी. मोबाइलवरील ध्वनिमापक अ‍ॅप जो आकडा दाखवते तो प्रमाणित केलेला नसतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे फोन शेजारी ठेवले तरी आकडे जुळत नाहीत. त्यातच बहुतेक अ‍ॅप ‘ए’ भारांकन वापरतात, म्हणजे माणसाचा कान खालच्या सुरांना कमी दाद देतो त्याप्रमाणे ते सूर कमी मोजतात. टाळूच्या थरथरीने होणाऱ्या घोरण्याचा बराचसा जोर खालच्या सुरांत असतो, आणि १०० हर्ट्झच्या सुराला ‘ए’ भारांकन सुमारे १९ डेसिबलने कापते. ‘सी’ भारांकनात ही काटछाट जवळजवळ होत नाही. अ‍ॅपमध्ये निवड करता येत असेल तर एकच भारांकन ठरवून कायम तेच वापरावे आणि आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी कधीही ताडून पाहू नये. फोन तोच, जागा तीच, पंख्याचा वेग तोच, एवढे सांभाळले तर आपल्याच दोन रात्रींची तुलना करता येते. काही अ‍ॅप आवाजाची तीव्रता आणि कालावधी मिळून स्वतःचा एक गुणांक देतात. त्याचा उपयोगही एवढाच.

अशी नोंद दोन आठवडे तरी करावी आणि सोबत वहीत काही गोष्टी लिहाव्यात : झोपण्याची आणि उठण्याची वेळ, रात्रीचे जेवण किती उशिरा झाले, मद्य घेतले का, सर्दी किंवा नाक चोंदलेले होते का, झोपेची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली का, आणि उताणे झोपले की कुशीवर. दोन आठवड्यांनंतर ‘शनिवारी रात्री जास्त’ किंवा ‘उताणे असतानाच’ असे काहीतरी वहीतून आपोआप वर येते. डॉक्टरांच्या दृष्टीने ही वही अ‍ॅपच्या रंगीत आलेखापेक्षा उपयोगी असते.

पायरी २ : आकडे बाजूला ठेवून फाइल ऐकावी

आठ तास ऐकण्याची गरज नाही. झोप लागल्यानंतरचा पहिला तास आणि पहाटे चार ते सहा हा काळ, एवढे दोन तुकडे निवडावेत. पहाटेच्या साखरझोपेत स्वप्नावस्थेचा, म्हणजे आरईएम झोपेचा, वाटा मोठा असतो. त्या अवस्थेत घशाचे स्नायू अधिकच सैल पडतात, म्हणून श्वासरोध असेल तर तो अनेकदा याच वेळी वाढतो. जोडीदार तोवर थकून गाढ झोपलेला असतो, त्यामुळे हा भाग सहसा कोणी ऐकलेलाच नसतो.

प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, म्हणजे दर तीन ते पाच सेकंदांनी एक. साध्या घोरण्यात हीच लय ऐकू येते, आवाज कितीही मोठा असला तरी एकसुरी. शंकास्पद नोंद वेगळी असते. घोरणे चार-पाच श्वासांत चढत जाते, मग मध्येच तुटते. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहते. दहा सेकंद, पंधरा, कधी वीस-पंचवीस. त्यानंतर एकदम फुरफुरल्यासारखा किंवा गुदमरून हवा ओढल्यासारखा आवाज, अंथरुणाची खसखस, दोन-तीन मोठे श्वास आणि पुन्हा तेच चढते घोरणे. हे चक्र मिनिट-दीड मिनिटाने सारखे येत असेल तर अ‍ॅपचा गुणांक काहीही म्हणो, डॉक्टरांकडे जावे.

याची उलट बाजूही आहे. शांतता म्हणजे श्वास थांबलाच असे नव्हे. माणूस कुशीवर वळला आणि निवांत श्वास घेऊ लागला तरी फोनला शांतताच मिळते. फरक ओळखायला मिनिटभर छातीकडे आणि पोटाकडे पाहावे लागते, किंवा संमतीने पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा लागतो. वाट मिटलेली असताना छाती आणि पोट हलत राहतात, पण एकमेकांच्या विरुद्ध : पोट वर येते तेव्हा छाती आत ओढली जाते. आवाज बंद आणि धडपड चालू, हे दृश्य असलेला छोटा व्हिडिओ तपासणीच्या वेळी डॉक्टरांना जरूर दाखवावा.

पायरी ३ : मोजपट्टी आणि दोन प्रश्नावल्या

टोरोंटो येथील डॉ. फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली स्टॉप-बँग ही प्रश्नावली मुळात शस्त्रक्रियेपूर्वी भूल देताना धोका ओळखण्यासाठी तयार झाली. तिच्यात होय-नाही स्वरूपाचे आठ प्रश्न आहेत : मोठ्याने घोरणे, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहणे, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३५ पेक्षा जास्त, वय ५० पेक्षा जास्त, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि पुरुष असणे. दोनपर्यंत ‘होय’ आले तर धोका कमी, तीन-चार आले तर मध्यम, पाच किंवा अधिक आले तर जास्त. मानेचा घेर शिंप्याच्या टेपने कंठमण्याच्या पातळीवर, टेप न आवळता घ्यावा. बीएमआयच्या प्रश्नाबाबत मात्र एक सावधगिरी हवी. भारतीयांमध्ये २५ च्या पुढेच लठ्ठपणा मानला जातो आणि तुलनेने कमी वजनातही श्वासरोध आढळतो, म्हणून ३५ ची अट आपल्याकडे अनेकांना अलगद सोडून देते. ‘मी तर जाड नाही’ एवढ्यावर विषय संपवू नये.

दुसरी प्रश्नावली दिवसाच्या पेंगेची. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या एपवर्थ मापनश्रेणीत आठ प्रसंग दिलेले असतात, उदाहरणार्थ वाचताना, टीव्ही पाहताना, वाहनात तासभर नुसते बसलेले असताना. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याच्या शक्यतेला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. एकूण २४ पैकी दहाच्या वर गुण गेले तर पेंग प्रमाणाबाहेर आहे. दुपारी आडवे होण्याच्या प्रश्नाला वामकुक्षीची सवय असलेला माणूस हमखास तीन गुण देतो, त्यामुळे त्या एका प्रश्नावर फार विसंबू नये. बोलत असताना किंवा गाडी सिग्नलला उभी असताना डोळा लागतो का, याचे उत्तर अधिक बोलके असते.

पायरी ४ : ऑक्सिमीटर आणि मनगटावरची घड्याळे

कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर या कामाला जवळपास निरुपयोगी आहे, कारण तो त्या क्षणाचा आकडा दाखवतो आणि विसरून जातो. गजर लावून रात्री दोनदा उठून आकडा पाहणे म्हणजे झोपलेल्याचीही झोप मोडणे. उपयोगी पडतो तो स्मृती असलेला, रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर. त्यातही फार लांब सरासरी काढणारा नको, नाहीतर थोड्या वेळासाठी झालेली घसरण त्या सरासरीत बुडून जाते. नेलपॉलिश काढावे, हात गार नसावेत. सावळ्या त्वचेवर ही उपकरणे प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतात, हेही ध्यानात असावे. आलेखावर करवतीच्या दातांसारख्या घसरणी वारंवार दिसल्या तर ती शंकेला मोठी पुष्टी असते. सरळ रेष दिसली तर मात्र श्वासरोध नाही असे म्हणता येत नाही. तरुण, सडपातळ व्यक्तींचा मेंदू अनेकदा प्राणवायू खाली जाण्याआधीच झोप चाळवून वाट उघडतो.

सॅमसंग आणि अ‍ॅपल यांच्या घड्याळांतील श्वासरोध-सूचनेला अमेरिकेच्या एफडीए या औषधे आणि वैद्यकीय उपकरणे यांवरील नियामक संस्थेने २०२४ मध्ये मान्यता दिली. ही सूचना निदान नसते, मध्यम ते तीव्र श्वासरोधाची शक्यता तेवढी ती सांगते. सूचना आली तर तपासणी करावी. आली नाही म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

घरचे प्रयोग कोणी करूच नयेत

गाडी चालवताना किंवा यंत्रावर काम करताना डोळा लागत असेल, तर दोन आठवड्यांची वही भरत बसू नये. तपासणी होईपर्यंत वाहन चालवणे थांबवून थेट डॉक्टर गाठावा. हृदय निकामी होण्याचा विकार, फुप्फुसांचा जुनाट गंभीर आजार, पक्षाघात, स्नायूंचा अशक्तपणा आणणारे आजार, अफूजन्य वेदनाशामकांचे दीर्घ सेवन किंवा तीव्र निद्रानाश असलेल्यांसाठी पुढे सांगितलेली घरची झोप-चाचणीही योग्य ठरत नाही. त्यांची चाचणी रुग्णालयातच व्हावी. लहान मुलांचेही तसेच. नेहमी घोरणाऱ्या मुलामागे वाढलेले टॉन्सिल किंवा अ‍ॅडिनॉइड असू शकतात, आणि मुलांमध्ये तासाला एकापेक्षा जास्त श्वासरोधही सामान्य मानला जात नाही. तीन-चार औषधे घेऊनही आटोक्यात न येणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, सकाळची डोकेदुखी, रात्री लघवीला वारंवार उठणे, यांपैकी काही असेल तर घोरणे मोठे की लहान हा प्रश्नच गौण होतो.

पायरी ५ : घरची झोप-चाचणी

मोबाइलची नोंद आणि वैद्यकीय चाचणी यांच्यामध्ये एक मधला टप्पा आहे. छातीविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा झोपविकारतज्ज्ञ लिहून देतात तेव्हा रुग्णालयातून एक लहान यंत्र घरी मिळते किंवा तंत्रज्ञ ते घरी येऊन लावून देतो. नाकपुड्यांशी बसणारी बारीक नळी हवेचा प्रवाह टिपते, छातीभोवतीचा आणि काही यंत्रांत पोटाभोवतीचाही पट्टा श्वासाची धडपड टिपतो, बोटावरचा संवेदक प्राणवायू आणि नाडी नोंदवतो. घोरण्याची नोंद नाकाच्या नळीतील कंपनांवरून किंवा वेगळ्या मायक्रोफोनवरून होते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात नाकात नळी नसते. बोटातील रक्तवाहिन्यांच्या आकुंचनावरून श्वासातील अडथळ्यांचा अंदाज बांधला जातो.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला, शहरी भारतीय पुरुषांवरचा बहुचर्चित अभ्यास अशा घरच्या चाचण्यांवरच आधारलेला होता. ३५ ते ६५ वयोगटात झोपेतील श्वासविकाराचे प्रमाण १९.५ टक्के आणि दिवसाच्या पेंगेसह असलेल्या श्वासरोधाचे ७.५ टक्के त्यात आढळले. नित्याच्या आरोग्यतपासणीला आलेल्या लोकांमधले हे प्रमाण होते, हे लक्षात घेतले म्हणजे घरच्या चाचणीला कमी लेखण्याचे कारण नाही, हे पटते.

यंत्र लावताना पट्टे झोपण्याच्या कपड्यांवरून, घसरणार नाहीत इतपत घट्ट असावेत. नाकाची नळी गालांवर वैद्यकीय चिकटपट्टीने पक्की करावी, कारण पहाटेपर्यंत तीच सर्वांत आधी निसटते. चार तासांची वापरण्याजोगी नोंद किमान हवी असते. रात्री पाणी प्यायला उठल्यावर यंत्र काढू नये. सकाळी स्वतःच्या अंदाजाने ‘झोप किती लागली’ ते लिहून द्यावे, कारण या चाचणीची सर्वांत मोठी उणीव तिथेच आहे.

या यंत्राला मेंदूच्या लहरी कळत नाहीत, म्हणून माणूस झोपला होता की डोळे मिटून पडला होता हे त्याला ठाऊक नसते. समजा, नोंद आठ तासांची झाली, प्रत्यक्ष झोप पाच तासच लागली आणि श्वास ९० वेळा अडला. यंत्र ९० ला ८ ने भागून तासाला ११ असे सांगते, ही सौम्य पातळी. खरा भागाकार ५ ने व्हायला हवा. तो १८ येतो, ही मध्यम पातळी. शिवाय, प्राणवायू न घसरता नुसती झोप चाळवून संपणारे अडथळे या यंत्राच्या हाती लागतच नाहीत. या दोन्ही चुका एकाच दिशेच्या आहेत : घरची चाचणी आजार कमी दाखवते. म्हणून लक्षणे ठळक असताना ती नकारात्मक आली तर प्रकरण तिथे मिटत नाही, रुग्णालयातील चाचणी करावीच लागते. होकारार्थी आली तर मात्र बहुतेक वेळा तेवढ्यावर उपचार सुरू होऊ शकतात.

पायरी ६ : रुग्णालयातील रात्र

पॉलिसोम्नोग्राफी असे भारदस्त नाव असलेल्या या चाचणीची तयारी सकाळपासूनच सुरू होते. केस शाम्पूने धुवावेत आणि त्या दिवशी तेल अजिबात लावू नये. खोबरेल तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाहीत आणि मध्यरात्री तंत्रज्ञाला खोलीत येऊन ते पुन्हा चिकटवावे लागतात. दुपारी झोपू नये. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. नेहमीची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज बंद करू नयेत, त्यांची यादी सोबत न्यावी. स्वतःची उशी नेण्यास बहुतेक ठिकाणी हरकत नसते आणि तिचा फायदा होतो. कपडे सैल, पुढून उघडणारे असावेत.

रात्री नऊच्या सुमारास तंत्रज्ञ टेप घेऊन डोके मोजतो : नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या मापांच्या ठरावीक टक्क्यांवर पेन्सिलीने खुणा होतात, तिथली त्वचा किंचित घासली जाते आणि दाट पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवले जातात. मग डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर, छातीवर आणि नडग्यांवर तारा येतात. नाकाशी नळी आणि उष्णतेचा संवेदक, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर, गळ्यावर घोरण्याचा संवेदक. अर्धा-पाऊण तास यातच जातो. दिवे मालवण्यापूर्वी शेजारच्या खोलीतून सूचना येतात : डोळे उजवीकडे-डावीकडे फिरवा, दात आवळा, पाय हलवा, श्वास रोखून धरा, घोरल्यासारखा आवाज काढा. आपण कधी घोरत नाही असे ठामपणे सांगणाऱ्यालाही इथे मागणीनुसार घोरून दाखवावे लागते. प्रत्येक तार बरोबर टिपते आहे ना, हे तंत्रज्ञ यावरून पडताळतो. लघवीला जायचे असेल तर नुसती हाक मारावी; सगळ्या तारा एका डबीत जोडलेल्या असतात, ती सोडवून हातात दिली जाते.

पडद्यावर ही रात्र ३० सेकंदांच्या पानांत उलगडते. श्वासरोधाच्या पानावर नाकाच्या प्रवाहाची रेष सपाट होते. त्याच वेळी छातीची आणि पोटाची रेष परस्परविरुद्ध हेलकावे घेत राहतात. घोरण्याची रेष थांबलेली असते. प्राणवायू मात्र लगेच घसरत नाही, रक्त बोटापर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळामुळे त्याची घसरण काही सेकंद मागाहून, बऱ्याचदा पुढच्या पानावर दिसते. मग मेंदूच्या लहरींत एकदम चाळवल्याची नोंद, हनुवटीच्या स्नायूचा झटका, आणि घोरण्याची रेष उसळी घेते. फोनवर ‘शांतता आणि मग फुरफुर’ एवढेच आले होते, त्याचा पूर्ण अर्थ इथे कळतो.

आता एक गंमत. या साऱ्या सरंजामात सर्वांत ढोबळपणे मोजली जाते ती गोष्ट म्हणजे खुद्द घोरणे. प्रमाणित नियमांत घोरण्याची नोंद ऐच्छिक आहे. गळ्यावरचा संवेदक कंपने टिपतो, खोलीतला आवाज नव्हे, आणि इतक्या डेसिबलच्या वर गेले की घोरणे म्हणावे अशी सर्वमान्य रेषाही नाही. म्हणून अनेक अहवालांत घोरण्यापुढे ‘आढळले’ किंवा ‘मध्यम’ एवढाच शेरा असतो. त्यात परक्या खोलीत पहिल्या रात्री झोप उथळ लागते, तारांमुळे कित्येक जण नेहमीपेक्षा जास्त वेळ उताणे पडतात, आणि रोजचे मद्य त्या रात्री नसते. नवऱ्याचे घोरणे गेल्या वर्षापेक्षा वाढले का, हे विचारायला स्लीप लॅब ही जागा नव्हे.

पायरी ७ : अहवाल कसा वाचावा

एएचआय हा आकडा आधी पाहिला जातो : झोपेच्या दर तासाला श्वास पूर्ण किंवा अंशतः किती वेळा अडला. प्रवाह ९० टक्के किंवा अधिक घटला आणि ही घट किमान दहा सेकंद टिकली तर तो पूर्ण अडथळा. किमान ३० टक्के घट आणि सोबत प्राणवायूची घसरण किंवा झोप चाळवणे असेल तर अंशतः. प्रौढांमध्ये पाचपेक्षा कमी सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि पुढे तीव्र. अंशतः अडथळा मोजताना ३ टक्के घसरण धरली की ४ टक्के, हे विचारून घ्यावे. त्याच रात्रीचा आकडा या निवडीने बदलतो आणि दोन रुग्णालयांच्या अहवालांतील तफावतीचे कारण कधीकधी एवढेच असते.

पण एका आकड्यावर थांबू नये. उताण्या स्थितीतील एएचआय आणि कुशीवरचा एएचआय वेगवेगळे पाहावेत. उताणे ३२ आणि कुशीवर ४ असेल तर उपचाराची दिशाच बदलते. आरईएम झोपेतील आकडा वेगळा दिलेला असतो, आणि त्या रात्री ती झोप जेमतेम लागली असेल किंवा माणूस उताणा झोपलाच नसेल, तर एकूण एएचआय फसवा चांगला असू शकतो. प्राणवायू ९० टक्क्यांखाली किती वेळ राहिला, हा आकडा डॉक्टरांना नक्की विचारावा. एखाद्या क्षणी ७८ पर्यंत गेला यापेक्षा तासभर ९० च्या खाली राहिला ही बाब जास्त गंभीर असू शकते.

उपचार सुरू झाल्यावर पुन्हा मोजणे

एएचआय पाचच्या खाली आला आणि दिवसा पेंग नसेल, तर उरते ते साधे घोरणे, आणि इथे पहिल्या पायरीचा फोन पुन्हा कामाला येतो. एका वेळी एकच बदल करावा : दोन आठवडे कुशीवर झोपणे, मग दोन आठवडे मद्य वर्ज्य, मग नाकाचा उपचार. तिन्ही बदल एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही. शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर थरथर नेमकी टाळूची की जिभेच्या मुळाची हे ना फोन सांगतो ना पॉलिसोम्नोग्राफी. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ औषधाने झोप आणून दुर्बिणीने घसा पाहतात.

खालचा जबडा पुढे ओढणारे दंत-उपकरण बसवले, तर ते तोंडात ठेवूनच झोप-चाचणी पुन्हा करून घ्यावी. उपकरणाने आवाज बंद झाला पण श्वासरोध शिल्लक राहिला, असे होऊ शकते, आणि घरातल्यांना शांत झोप लागू लागल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही येत नाही. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतरही हीच काळजी घ्यावी. मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांना दरवेळी रुग्णालयात रात्र काढावी लागत नाही; किती तास वापरले, मुखवट्यातून हवा किती गळली आणि उरलेला एएचआय किती, याची नोंद यंत्र स्वतःच रोज ठेवते. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्या यंत्राचे मेमरी कार्ड किंवा अ‍ॅपवरील मागच्या महिन्याचा तक्ता सोबत न्यावा, आणि वजनात मोठा फरक पडला असेल तर तोही सांगावा, कारण हवेचा दाब त्यानुसार पुन्हा ठरवावा लागतो.